हिलालअण्णांचा मंजूर आवाज

एकाहत्तरच्या युद्धाला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा लोक ते विसरत चालल्याचं युद्धस्मृती चित्रपट महामंडळाच्या लक्षात आलं. युद्ध पुन्हा जिवंत करण्याचा ठराव एकमतानं संमत झाला. माहितीपटासाठी प्रत्येक मोठ्या शहरातून एक माजी सैनिक घ्यायचं ठरलं. सुरतेच्या वाट्याला हर्षदाचे वडील, डिंडोलीचे हिलाल बाविस्कर आले. ते युद्धात सरहद्दीवर होते आणि नंतरचं सगळं आयुष्य पॉवरलूमवर. निवड समितीच्या दृष्टीनं त्यांची मुख्य पात्रता अशी, की ते सापडले.

दिग्दर्शक मगनभाई कॅमेरा घेऊन आले, तेव्हा भिंतीपलीकडच्या कारखान्यात माग चालू होते. राष्ट्रहितासाठी अर्धा तास माग बंद ठेवावेत, अशी विनंती मालकाला करण्यात आली. राष्ट्र माझी साड्यांची ऑर्डर वेळेवर पोचवणार का, असं मालकानं विचारलं. माग चालूच राहिले. मगनभाईंनी मग आधी मागांचाच आवाज भरून घेतला. महामंडळाच्या साठ्यातली मशीनगनच्या आवाजाची फीत फार जुनी झाली होती. तिच्यापेक्षा हे माग जास्त खात्रीशीर गोळीबार करत होते.

डिंडोलीच्या त्या गल्लीत आवाजावर कुणाचंच अडत नसे. मागावरचा माणूस ऐकत नाही, ओठ बघतो. लहानपणी हर्षदा डबा घेऊन कारखान्यात जायची, तेव्हा अण्णा मागांच्या रांगेपलीकडून विचारायचे, "शाळामा गयथी का?" आणि ती दारातूनच मान हलवायची. पुढे ती भरपूर शिकली, पण तिचं पहिलं वाचन ते.

"काका, तोफांनी तुमचे कान गेले ने?" मगनभाईंनी ओरडून विचारलं.

"मागासनी गयात."

"पण तोफा चालत होत्या ने?"

"लढाई दोन आठवडा चालनी, भाऊ. माग वीस वरीस चाली ऱ्हायनात."

मगनभाईंनी सहायकाला 'तोफ' लिहून घ्यायला सांगितलं.

"आता एक थरारक प्रसंग सांगा."

अण्णांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "निंबा पाणी लेवाले गया. आजून उना नही."

निंबा त्यांच्याच गावचा, त्यांच्याच पलटणीतला. मगनभाई पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. पुढे वाक्य नव्हतं.

"फिर? दुश्मन? हमला? काका, थोडुं रडो ने!"

अण्णांना या माणसाची दया आली. बिचारा उन्हातून आला होता, घामाघूम झाला होता. त्यांनी मान वर केली आणि कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या हर्षदाला काहीतरी सांगितलं. ती आत गेली. मगनभाई ओरडले, "बस! आ चेहरो जोईए!"

संकलन समितीनं चित्रीकरण बारकाईनं पाहिलं. अहिराणी ही मंजूर भाषांच्या यादीत नसल्यानं मूळ आवाज काढून मुंबईच्या एका भारदस्त आवाजाची नेमणूक झाली. निंबाचा प्रसंग वगळण्यात आला. शेरा होता: 'घटना अपूर्ण. सैनिक परत आल्याची नोंद नाही.' चेहरा मात्र सर्वानुमते राहिला.

चित्रपट तयार होईपर्यंत अण्णा वारले. घरात त्यांचा एक फोटो होता, तोही कुणाच्या तरी लग्नातला, वऱ्हाडात मागे उभे असतानाचा. आवाज कुठेच नव्हता. दिवसकार्य आटोपल्यावर हर्षदा महामंडळाच्या कचेरीत गेली.

"मूळ आवाज पुसला जातो," तिथल्या मालतीबाई म्हणाल्या. "निरुपयोगी ध्वनी सांभाळला तर ऑडिटवाले धरतात. त्या फितीवर आता चलथाणच्या ऊसतोडणीचा आवाज आहे."

"थोडासुद्धा नाही राहिला?"

"तक्रार असेल तर बोलणाऱ्यानं समक्ष यावं."

"ते वारले."

"अहो, मग काळजीच नको," मालतीबाई मायेनं म्हणाल्या. "आमच्या चित्रपटात ते कायमचे जिवंत आहेत."

प्रजासत्ताक दिनी चित्रपट दूरदर्शनवर लागला. शेजारचे दगाभाऊ, त्यांची सून, गल्लीतले आणखी काहीजण बाविस्करांच्या खोलीत दाटीवाटीनं बसले. सुट्टी राष्ट्राला होती, मागांना नव्हती.

"आवाज वाढाव ना, हर्षू!" दगाभाऊ ओरडले.

"फुलच शे, काका!"

टीव्हीचं काही ऐकू येईना. मग सगळे नेहमीसारखे ओठ बघू लागले.

पडद्यावर अण्णांनी मान वर केली. त्या क्षणी देशभर घरोघरी तो भारदस्त आवाज घुमला: 'माझ्या रक्ताचा प्रत्येक थेंब या मातीला वाहिलेला आहे!' डिंडोलीत फक्त माग वाजत होते, आणि अण्णांचे ओठ स्वच्छ म्हणत होते, "हर्षू, चहा ठेव व माय. साहेबले गोड लागस."

दगाभाऊ फस्सकन हसले. हर्षदाची आई, सुभद्राबाई, उठल्या. त्यांनी स्टोव्ह पेटवला, साखरेचा डबा काढला. हर्षदा जागची हलली नाही. अण्णांच्या जागी आता रणगाडे आले होते, भिंतीपलीकडच्या मागांच्या आवाजात गोळ्या झाडत होते. ती तरीही पडद्याकडेच बघत होती. एखादा माणूस पाणी आणायला गेला असेल आणि येईल, तसं.

चित्रपटाला पुरस्कार मिळाला. मानपत्रात त्या चेहऱ्याचा खास उल्लेख आहे: 'या नजरेत राष्ट्राची वेदना एकवटली आहे.' आता तो दरवर्षी शाळांतून दाखवतात. तुम्हीही पाहिला असेलच. तुमच्या घराशेजारी माग नाहीत. तुम्हाला आवाज नीट ऐकू आला असणार. रक्ताच्या थेंबाच्या वाक्याला डोळे पुसले असतील, कदाचित उभेही राहिला असाल.

बसा आता. चहा झाला आहे. साखर तुमच्यासाठीच जास्त घातली आहे.