अटेन्झिओनसाहेब म्हणतात

देवाजी खोब्रागडे आपली मोटारसायकल सुरू करण्याआधी साहेबांची परवानगी घेतात. मोटारसायकल उभी असते घुग्घुसला, आमच्या भिंतीपलीकडच्या टिनाच्या शेडमध्ये. साहेब राहतात इटलीत. परवानगी मिळायला अर्धा तास लागतो, आणि दर रविवारी तेवढा वेळ माझं पेपरवाचन बंद पडतं, कारण भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येतं.

"वाच," देवाजीभाऊ म्हणतात. ते पाना हातात घेऊन उकिडवे बसलेले असतात.

"पान सोळा," स्टुलावर बसलेल्या कुंदावहिनी वाचतात. "अटेन्झिओनसाहेब म्हणतात, तेल पाह्यल्याबिगर बटन दाबू नये."

"पाह्यलं."

"अटेन्झिओनसाहेब म्हणतात, गरम नळीले हात लावू नये."

"थंडी हाय अजून. पुढं?"

असं पानामागून पान होतं. मग एकदाचं बटन दाबलं जातं आणि आमच्या मांडणीवरचे पेले थरथरतात.

मी इथल्याच शाळेत इंग्रजी शिकवतो. सत्तावीस वर्षं झाली. दुसऱ्याची चूक दिसली की माझे हात शिवशिवतात, हा माझा दोष मला मान्य आहे. कुणाची लग्नपत्रिका आली तरी मी आधी लाल पेन काढतो, मग आहेराचं बघतो. आमच्या घरातली सामानाची यादीसुद्धा मीच लिहितो. पूर्वी ही लिहायची. मी तिच्या 'साबून'चं 'साबण' करून द्यायचो, 'मीर्ची'ची वेलांटी दुरुस्त करायचो. पुढे तिने लिहायचंच सोडलं. मला वाटलं, कंटाळली असेल.

तर गाडी. फार वर्षांपूर्वी इकडच्या एका सिमेंट कारखान्यात इटलीहून मशीन आली. मशीन बसवायला एक इंजिनिअर आला आणि येताना खोक्यात घालून आपली मोटारसायकलही घेऊन आला. जाताना मात्र तो एकटाच गेला. गाडी भंगारात पडली. देवाजीभाऊ तेव्हा कोळशाच्या खदानीत फिटर होते. भंगाराच्या लिलावात लोकांनी तांब्याची तार उचलली, यांनी ही गाडी उचलली. बैलबंडीवर घालून घरी आणली तेव्हा अख्खी चाळ पाहायला जमली होती म्हणतात.

दिसायला ती गाडी चमत्कारिकच आहे. टाकीखालून दोन्ही बाजूंना एकेक सिलिंडर बाहेर आलेला. दोन्ही हात कमरेवर ठेवून भांडायला उभी राहिलेली बाईच जशी. आणि तिला चेन नाही. खदानीतून पाळी संपवून येणारी पोरं थांबतात, वाकून पाहतात आणि ठरलेला प्रश्न विचारतात.

"भाऊ, चेन कुठी गेली जी?"

"तिले चेन नसते. शाफ्ट हाय. ट्रकले असते तसा."

"बाप्पा! मंग किती देते?"

"देते नाई, घेते," भाऊ म्हणतात.

भाऊंनी गाडीत सुधारणाही पुष्कळ केल्या आहेत. घुग्घुसच्या हवेत कोळसा किती आणि हवा किती हे आम्हालाच ठाऊक. तर हवेच्या जाळीवर त्यांनी जुन्या लुगड्याचं दुहेरी फडकं शिवून बसवलंय. हॉर्न ट्रकचा आहे. मागची सीट पाटाएवढी रुंद आहे. आणि सगळ्यात मोठी सुधारणा म्हणजे साडीगार्ड. खदानीच्या वर्कशॉपमध्ये पाईप वाकवून, जाळी मारून त्यांनी ते स्वतः घडवलं. इटलीच्या गाडीला साडीगार्ड, जगात हे एकच असावं.

एकदा चंद्रपूरच्या एका डॉक्टरांचा मुलगा आपली नवीकोरी, लालभडक इटालियन गाडी दाखवायला आला. साडीगार्ड पाहून तो खो खो हसला. भाऊंनी त्याच्या गाडीभोवती एक चक्कर मारली, टाकीला कान लावून इंजिन ऐकलं, 'आवाज चोख हाय' म्हणाले आणि मागच्या वीतभर गादीवर बोट ठेवलं.

"इथी कोन बसते?"

"कुणीच नाही बसत काका."

"मंग घेतली कायले?"

पोराला ती थट्टा वाटली. भाऊंना मात्र खरंच जाणून घ्यायचं होतं.

आता पुस्तकाचं सांगतो. गाडीच्या हत्यारांच्या पेटीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं एक पुस्तक निघालं. सगळं इटालियनमध्ये. भाऊ नववीपर्यंत शिकलेले. कुंदावहिनी धानोऱ्याच्या, दहावी पास. त्यांना पुढे डी.एड. करून मास्तरीण व्हायचं होतं, पण लग्न झालं. तेव्हा गाडी सुरू व्हायची आणि दोन मिनिटांत खोकून बंद पडायची. भाऊंनी डम्परच्या हिशेबाने वॉल्व्हची फट ठेवली होती. वहिनी ते पुस्तक घेऊन आठवडाभर बसल्या. चित्रं जुळवली, आकडे काढले आणि म्हणाल्या, "भाषा त्याइची असन, पन आकडे तर आपलेच हायेत. फट एवढीच ठेवा." भाऊंनी ठेवली. गाडी जी सुरू झाली ती आजतागायत. दर वर्षी दोघं तिच्यावरून धानोऱ्याला जातात, वाटेत मूल गावी चहा पितात, चाळीसच्या वर काटा जाऊ देत नाहीत.

त्या आठवड्यात वहिनींनी आणखी एक शोध लावला. जवळजवळ प्रत्येक पानावर जाड ठशात एक नाव होतं आणि नावाखाली हुकूम. म्हणजे उघडच आहे, हे पुस्तक लिहिणाऱ्या मोठ्या साहेबाचं नाव. अक्षर लावून त्यांनी ते वाचलं. अटेन्झिओन.

पुढे साहेबांचा अधिकार वाढत गेला. भाऊंना मधुमेह निघाला तेव्हा साहेबांनी चहातली साखर बंद केली. आणि खर्रा, म्हणजे तंबाखू घालून घोटलेली सुपारी! आमच्या भागात माणूस एकवेळ जेवण सोडेल, खर्रा सोडणार नाही. भाऊंच्या खिशात दिवसाला चार पुड्या असायच्या. एका रविवारी वहिनींनी बत्तीस नंबरचं पान उघडलं आणि वाचलं, "अटेन्झिओनसाहेब म्हणतात, खर्रा खाल्लेल्या हातानं गाडीले शिवू नये." भाऊंनी उठून पुडी नालीत टाकली. पुन्हा खाल्ला नाही.

मी ते पुस्तक पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हाच मला शंका आली. घरी येऊन मोबाईलवर पाहिलं. अटेन्झिओन म्हणजे सावधान! साहेब नाही, बिहेब नाही. बत्तिसाव्या पानावर तर बॅटरीचं चित्र होतं. माझे हात किती शिवशिवले असतील, विचार करा. पण चांगली संधी मिळेना.

संधी मागच्या हिवाळ्यात आली. कारखान्यातली मशीन तपासायला लुका नावाचा एक तरुण इटालियन आला होता. कुणीतरी त्याला गाडीचा फोटो दाखवला आणि त्याने रविवारी सकाळी येतो असा निरोप धाडला. त्याला इंग्रजी येत होतं, त्यामुळे दुभाषी मी. वहिनींनी लगेच माहेरहून चारोळी मागवली, साहेबांसाठी. "त्याइच्याच गावचा पोरगा येऊन राह्यला. तब्येत तरी विचारू साहेबाची," त्या म्हणाल्या.

सगळ्या चाळीसमोर देवाजीभाऊ साहेबांची तब्येत विचारणार आणि तो गोरा पोरगा हसून सांगणार की असा कुणी साहेबच नाही. भल्या माणसाची शोभा होईल. शनिवारी संध्याकाळी मी शेडमध्ये गेलो. भाऊ साडीगार्ड पुसत होते.

"भाऊ, रागावू नका. ते अटेन्झिओन म्हणजे कुणी साहेब नाहीत. त्याचा अर्थ सावधान. आपल्याकडे विजेच्या खांबावर लिहितात ना, तसं."

"मालूम हाय," भाऊ म्हणाले. पुसणं थांबलं नाही.

मी उभ्याचा खाली बसलो. "कधीपासून?"

"लय वर्सं झाली. खदानीत इटलीची एक मशीन आली होती. तिच्यावरबी हेच नाव. म्हनलं, वा, साहेब इथीबी पोचला. मंग पाह्यलं तं करंटच्या पेटीवरबी साहेब, पंख्याच्या जाळीवरबी साहेब. तवा डोक्यात उजेड पडला."

"मग वहिनींना का नाही सांगितलं?"

भाऊंनी फडकं खाली ठेवलं.

"एकडाव चूक काढली होती सर मी तिची. पुस्तकात ओलिओ म्हून शब्द हाय. ती म्हने ओलिओ म्हंजे ओलं, इथी ओलं करा म्हनतात. चार दोस्त बसले होते. म्या म्हनलं, अवं ओलिओ म्हंजे ऑइल! चालली मास्तरीण इटालियन शिकवाले! लय हासलो आम्ही. तिनं पुस्तक मिटलं, पेटीत ठेवलं. एक वर्स उघडलं नाई. गाडीवर बसली नाई. धानोऱ्याले एस.टी.नं गेली, माह्या पुढून. गाडी चांगली चालत होती सर. पन मागची सीट रिकामी."

मला आमची सामानाची यादी आठवली. मग उगाच काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "पण भाऊ, बत्तीस पानावर तर बॅटरी आहे. खर्रा नाहीच तिथं."

"हव. बॅटरीच हाय."

"ठाऊक असून सोडला?"

"साहेबाचा शब्द कसा मोडू सर?" मग माझा हात धरून म्हणाले, "उद्या तुमी बोलान ना इंग्रजीत? सांभाळून घ्या जी. थो पोरगा सांगून टाकन, तुमची वहिनी पुस्तक ठेवून देईन. मंग मी रविवारी काय करू?"

रविवारी लुका आला. गाडी दिसताच तो हरवलेला नातेवाईक सापडल्यासारखा धावला. गुडघ्यावर बसून त्याने इंजिन पाहिलं, लुगड्याच्या फडक्याला हात लावला, साडीगार्डचे बारा फोटो काढले. ते कशासाठी आहे हे मी सांगितल्यावर म्हणाला, आमच्याकडे हे कुणाला सुचलंच नाही. चाळीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ हसत होते, पण त्यांचं सगळं लक्ष दाराकडे होतं.

दारातून वहिनी आल्या. इस्त्रीची साडी, हातात चारोळीचं पाकीट. परक्या माणसाशी मोठ्याने बोललं की त्याला समजतं, असा आपल्या सगळ्यांचाच समज असतो. वहिनी लुकाच्या अगदी जवळ जाऊन खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अटेन्झिओन!"

पोराने टुण्णकन मागे उडी मारली. एक पाय वर धरून तो खाली जमिनीवर शोधू लागला. साप निघाला असं वाटून मागची चार माणसंही उडाली. एका म्हातारीने तर काठी उगारली.

वहिनी चकित होऊन पाहत राहिल्या. "नाव ऐकूनच दचकला बाप्पा. लय कडक असतीन साहेब."

लुकाने मला विचारलं, धोका कुठे आहे? धोका माझ्यासमोरच उभा होता, हातात चारोळी घेऊन. भाऊ टाकी पुसायला लागले होते. पुसलेलीच टाकी. मी लुकाला इंग्रजीत एवढंच सांगितलं, की या बाईंना हे पुस्तक लिहिणाऱ्या माणसाची खुशाली हवी आहे, तू काहीही बोल, फक्त हसू नकोस.

लुका हसला नाही. त्याने पुस्तक उघडलं. पानापानाच्या कडेला पेन्सिलीने बारीक मराठीत लिहिलेलं. कुठे आकडे, कुठे बाण, कुठे नटाचं चित्र. त्याने विचारलं, हे कुणी केलं? मी वहिनींकडे बोट दाखवलं. मग तो बरंच काही बोलला. बोलण्याचा मथितार्थ असा, की आमच्याकडे लोक हे पुस्तक गाडी विकताना शोधतात. इतकं वाचलेलं मी कुठे पाहिलं नाही.

"काय म्हनतात?" वहिनींनी विचारलं.

सत्तावीस वर्षांत मी कुणाला चुकीचं इंग्रजी सांगितलं नव्हतं. "म्हणतात, साहेब मजेत आहेत," मी म्हणालो. "आता रिटायर झाले. गुडघे दुखतात. पण त्यांचं पुस्तक इतकं मन लावून कुणी वाचलं नाही म्हणतात."

यातलं शेवटचं वाक्य तरी खरं होतं. गुडघे कुठून आले, ते मला माहीत नाही. वहिनींनी पदर डोळ्याला लावला. भाऊंनी टाकी पुसणं थांबवलं आणि माझ्याकडे एकदा पाहिलं, बस्स.

लुका बरोबर घेऊन गेला त्या चारोळीच्या पाकिटावर वहिनींनी पुस्तकातून उतरवून, ठळक अक्षरांत साहेबांचं नाव घातलं होतं. महिन्याभराने लुकाचा मला निरोप आला. पाकीट त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात फळीवर आहे. वर एवढं मोठं 'सावधान' लिहिलेलं असल्यामुळे उघडायची कुणाची हिंमत होत नाही. मी तो भाऊंना दाखवला. ते हसता हसता शेडमध्ये खाली बसले आणि म्हणाले, "हिले दाखवू नका."

त्या महिन्यात मी आमच्या घरी यादीचा कागद हिच्यापुढे ठेवला. हिने माझ्याकडे संशयाने पाहिलं, मग लिहिलं. साबून. मी तो कागद तसाच दुकानात नेला. साबण बरोब्बर मिळाला.

परवा रविवारी पुन्हा भिंतीपलीकडून आवाज आला.

"नीट आयका," वहिनी म्हणत होत्या. "साहेब आता रिटायर झाले. आता इसरलं तं विचाराचं कोनाले?"

पुस्तकाचं पान न् पान तोंडपाठ असलेला तो माणूस म्हणाला, "हव ना. वाच. काय म्हनतात साहेब?"