चौदा नंबरच्या खुर्चीवरचा शर्ट

आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मुलीला मशीन सुरू करायचं असेल, तर खुर्चीच्या पाठीवर घरातल्या पुरुषाचा शर्ट टाकावा लागतो. शर्ट धुतलेला असावा आणि त्याला कॉलर असावी. त्याशिवाय मशीन सुरू होत नाही. मुलांना हा नियम नाही. मुलं गोल गळ्याचे टीशर्ट घालून येतात, त्यांवर कवट्या काढलेल्या असतात, तरी मशीन लगेच सुरू होतं. मशीनची आवड, तिथे आपण काय बोलणार.

मी या लॅबचा अटेंडंट. आडनाव गुरव, पोरं गुरवमामा म्हणतात. अकरा वर्षांपूर्वी लॅब उघडली तेव्हा पहिल्याच दिवशी मुलांची मशीनं सुरू झाली आणि मुलींची झाली नाहीत. दुरुस्तीचा माणूस आला. त्याने वायरी तपासल्या, प्लग बदलले. एप्रिलचे दिवस होते, उकडत होतं, म्हणून त्याने अंगातला शर्ट काढून एका मुलीच्या खुर्चीवर टाकला, आणि मशीन सुरू झालं. त्याने शर्ट उचलला, मशीन बंद. परत टाकला, सुरू. त्याने अहवालात ‘दोष आढळला नाही’ असं लिहिलं, शर्ट घातला आणि तो निघून गेला. पुढच्या आठवड्यात परिपत्रक निघालं.

तेव्हापासून मी शर्ट रजिस्टर ठेवतो. त्यात सहा रकाने आहेत: तारीख, मुलीचं नाव-पत्ता, मशीन नंबर, शर्ट कोणाचा, नातं आणि शेरा. पहिल्या वर्षी सतरा मुली होत्या, या वर्षी चार. मधल्या मुली कुठे गेल्या ते शेऱ्याच्या रकान्यात सापडतं. ‘भावाला मुलगी बघायला जायचे होते, शर्ट घालून गेला.’ ‘वडिलांचे पोट सुटले, बटणे तुटली.’ ‘शर्ट नोकरीनिमित्त पुण्याला गेला.’ हा शेवटचा शेरा रेश्मा घाडगेचा. पोरगी हुशार होती. शर्ट पुण्याला गेला आणि ती घरी बसली.

आमचे विभागप्रमुख बोधे सर मनाने वाईट नाहीत. ते दरवर्षी वरती अहवाल पाठवतात, आणि त्यात एक वाक्य ठरलेलं असतं: ‘मुलींचे अक्षर सुंदर असते, परंतु त्यांना या विषयाची उपजत आवड दिसून येत नाही.’ त्या अहवालाला टाचणी मीच लावतो. माझं रजिस्टर कधी कोणी मागितलं नाही, आणि मीही ते कधी पुढे केलं नाही. मला त्याची लाज वाटते.

चौदा नंबरच्या मशीनवर मोहिनी ढवळे बसते. ती तिसऱ्या वर्षाला आहे. तिचे वडील अंकुश ढवळे ती सातवीत असताना गेले. घरी ती आणि तिची आई शालन, दोघीच. मोहिनी वडिलांचा निळ्या रेघांचा शर्ट आणायची. तीन वर्षं तोच. आल्यावर खुर्चीवर टाकायची, दोन्ही खांद्यांवरून हात फिरवून सारखा करायची आणि मगच बसायची. शर्ट कोणाचा ते मशीनला आपोआप कळतं. पडद्यावर अक्षरं यायची, ‘नमस्कार, श्री. अंकुश ढवळे’, आणि मग मोहिनीने केलेल्या प्रत्येक कामावर तेच नाव छापून यायचं.

गेल्या वर्षी तिने आमच्या एसटी स्टँडसाठी प्रोग्रॅम लिहिला. कुठली गाडी किती उशिरा येणार ते तो आधीच सांगतो, आणि तो बरोबर निघाल्याचं कंट्रोलरनेही कबूल केलं. जिल्ह्याच्या स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं. अर्थात प्रमाणपत्र श्री. अंकुश ढवळे यांच्या नावाचं होतं. शालनताईंनी ते फ्रेम करून नवऱ्याच्या फोटोशेजारी लावलं. मेल्यावर माणूस इतका शिकतो, हे आमच्या गल्लीने पहिल्यांदाच पाहिलं.

शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा गुरुवारी होती. सोमवारी मोहिनी आली, तिने शर्ट टाकला, सारखा केला, पण मशीन सुरू होईना. तिने शर्ट झटकून परत टाकला, तरी नाही. मी जवळ जाऊन पाहिलं. कॉलर घडीवर विरून गेली होती. तीन वर्षं रोज खुर्चीवर घासून तिच्यातून आरपार उजेड दिसत होता.

“मामा, लिहा,” मोहिनी म्हणाली.

मी लिहिलं, ‘कॉलर विरली.’

बोधे सरांनी फार सहानुभूतीने ऐकून घेतलं. म्हणाले, “घरात दुसरे कोणी?”

“चुलते आहेत, सर. पण ते म्हणतात, शर्ट आमच्या सतीशचा देतो, निकाल सतीशच्या नावावर लागू दे. तो दोनदा नापास झालाय.”

सर विचारात पडले. “तसं पाहिलं तर नाव ढवळेच राहतं,” ते म्हणाले. “वडिलांचं काय नि चुलतभावाचं काय.”

मोहिनीने शर्टाची घडी घातली. वडिलांच्या नावावर तीन वर्षं काम केलं, त्याचं तिला वाईट वाटत नव्हतं. मला तिने एकदा सांगितलं होतं, ‘मामा, रोज सकाळी कोणीतरी त्यांना नमस्कार म्हणतं, ते बरं वाटतं.’ सतीशची गोष्ट वेगळी होती. त्याच्या नावावर निकाल लागला असता, तर पदवी त्याच्या घरी गेली असती आणि मोहिनीच्या हाती सुंदर अक्षर राहिलं असतं.

बुधवारी दुपारी सरांनी मला संमतीपत्राचा फॉर्म घेऊन ढवळ्यांच्या घरी पाठवलं. सतीशच्या शर्टाचा फॉर्म. नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

शालनताई ब्लाउज शिवतात. दारावर पाटी आहे, ‘येथे ब्लाउज शिवून व फॉल-बिडिंग करून मिळेल.’ आमच्याकडे बाया ब्लाउज शिवतात आणि शर्ट जेंट्स टेलर शिवतो. पेठेतले पोपटराव टेलर तर गिऱ्हाइकाला छातीवर हात ठेवून सांगतात, बाईच्या हाताला कॉलर बसत नाही, ते उपजतच असावं लागतं. उपजत हा शब्द मी याआधी अहवालात वाचला होता.

मी दारात गेलो आणि तिथेच थांबलो. खाली वर्तमानपत्र अंथरलं होतं आणि त्यावर अंकुश ढवळ्यांचा शर्ट उसवून ठेवला होता. बाह्या वेगळ्या, पाठ वेगळी, खिसा वेगळा. मोहिनी शेजारी वही घेऊन बसली होती. प्रत्येक तुकड्यावर खडूने नंबर टाकलेला होता आणि कोणता तुकडा कोणत्या तुकड्याला आधी जोडलेला होता ते ती ओळीने लिहून घेत होती. बाजूला चार कॉलरी पडल्या होत्या, एक तिरकी, एक फुगलेली, आणि दोन अशा की त्यांना कॉलर म्हणणं जड जावं.

“या भाऊ, बसा,” शालनताई म्हणाल्या. त्यांचे डोळे सुजले होते. “उसवायला हात हुईना बगा. त्येंचा ह्यो येकच ऱ्हायला हुता. सकाळपास्नं कात्री घेतली आन ठेवली. शेवटी ही म्हनली, आई, मी धरते, तू काप.”

“त्यांना चाललं असतं,” मोहिनी वहीतून मान वर न करता म्हणाली.

“त्येंना काय न चालायचं? त्येंना समदंच चालायचं.” त्यांनी पदराने नाक पुसलं आणि एक पांढरी ताठ पट्टी माझ्यापुढे धरली. “भाऊ, ह्ये बगा. कॉलरच्या आत काय असतंय म्हाईत हाय का?”

“काय असतं?”

“बकरम. निस्तं बकरम. दोन कापडं आन मधी ही पट्टी. दुसरं काय बी न्हाई. मी समदं उलटंपालटं करून बगितलं.” त्यांनी ती पट्टी चिमटीत वाकवून पाहिली. “येवढ्यासाठी त्यो पोपटराव वीस वरीस मला निस्तं काज-बटन करायला देत हुता, कॉलरीला हात लावू देत न्हवता.”

मला त्या क्षणी फॉर्म खिशातून काढावासा वाटला नाही. मी काढलाही नाही. चहा घेतला.

मग त्यांनी टेप हातात घेतली आणि अडखळल्या. “माप कुनाचं घिऊ? त्येंचंच घेतलं तर त्येंच्या नावावर जाईल. घरात दुसरा बाप्या न्हाई. नियमात काय लिवलंय, भाऊ?”

परिपत्रक मला तोंडपाठ आहे. मी म्हणून दाखवलं, “‘विद्यार्थिनीच्या घरचा, स्वच्छ, कॉलर असलेला शर्ट खुर्चीवर असावा.’”

“मंग? बाप्याचा असावा, असं?”

मी मनातल्या मनात ते दोनदा वाचलं. तसं त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरज कोणाला वाटली नसावी.

“तसं नाही लिहिलेलं,” मी म्हणालो.

शालनताईंनी पोरीकडे पाहिलं. “ऊठ,” त्या म्हणाल्या. “हात आडवं कर.”

मोहिनी उठून उभी राहिली आणि तिने दोन्ही हात पसरले. शालनताई खांदा मोजत होत्या, बाही मोजत होत्या, आकडे सांगत होत्या, आणि मोहिनी ते तोंडाने परत म्हणत होती. गळ्याचं माप घेताना त्यांनी टेपच्या आत आपलं एक बोट ठेवलं, पोरीला आवळू नये म्हणून. मी उठलो आणि निरोप न देताच परत आलो. सरांना सांगितलं, घरी कोणी भेटलं नाही. अकरा वर्षांच्या नोकरीत मी खोटं बोललो ते एवढंच.

गुरुवारी मोहिनी वेळेवर आली. शर्ट पांढरा होता. त्याचं वरचं बटण तेवढं निळं होतं, जुन्या शर्टाचं. तिने तो चौदा नंबरच्या खुर्चीवर टाकला आणि दोन्ही खांद्यांवरून हात फिरवला.

मशीन गप्प होतं. बाकीच्या तिघींची मशीनं सुरू झाली, मुलांची तर कधीच झाली होती. बोधे सरांनी घड्याळात पाहिलं. मी देवाचं नाव घेतलं नाही, कारण यात कोणत्या देवाला मध्ये घालावं ते मला समजेना. पूर्ण दोन मिनिटं गेली. मग आत पंखा फिरल्याचा आवाज आला आणि पडदा उजळला.

त्यावर लिहिलं होतं, ‘नमस्कार. नाव सांगा.’

अकरा वर्षांत मशीनने कोणालाही नाव विचारलेलं नव्हतं. मोहिनीने ‘नाव सांगा’ हे दोन शब्द परत वाचले. मग तिने सावकाश लिहिलं, मोहिनी अंकुश ढवळे. मशीनने ते ठेवून घेतलं आणि प्रश्नपत्रिका उघडली.

अर्ध्या तासाने लॅब थंड पडली. एसी मशीनसाठी असतो, माणसांसाठी नसतो, त्यामुळे तो कमी करता येत नाही. मोहिनीने दोनदा हात चोळले. मग तिने लिहिता लिहिता मागे हात नेला, शर्ट ओढला आणि सरळ अंगात घातला. तो तिला अगदी मापात बसला.

सगळ्यांचे हात थांबले. मशीन चालूच राहिलं.

बोधे सर लगबगीने आले. “ढवळे, शर्ट खुर्चीवर पाहिजे.”

“खुर्चीवरच आहे, सर,” मोहिनी म्हणाली. “मी खुर्चीवर बसलेय.”

सरांनी परिपत्रक मागवलं. उभ्याउभ्या वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं. शर्ट विद्यार्थिनीच्या घरचा होता, स्वच्छ होता, त्याला कॉलर होती आणि तो खुर्चीवर होता. “बरोबर आहे,” ते म्हणाले. जाताना थांबले आणि जरा हळू आवाजात म्हणाले, “शर्ट छान शिवलाय. कोणाकडून घेतला?”

“आईकडून, सर.”

सर काही वेळ त्या कॉलरकडे बघत उभे राहिले. मग आपल्या टेबलाशी जाऊन बसले.

मी रजिस्टर उघडलं. ‘शर्ट कोणाचा’ या रकान्यात तिचं नाव लिहिलं. ‘नातं’ या रकान्यात ‘स्वतः’ असं लिहिलं. शेरा काय लिहावा ते सुचलं नाही, म्हणून रकाना रिकामा ठेवला आणि रजिस्टर काखेत मारून बाहेर आलो.

शालनताई सायकल स्टँडच्या पत्र्याखाली उभ्या होत्या. गळ्यात टेप तशीच होती, घरून निघताना काढायची राहिली असावी. मला पाहून त्या पुढे आल्या. मशीन सुरू झालं का, पेपर सोपा आहे का, यातलं त्यांनी काही विचारलं नाही.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, “कॉलर बसली का?”

“बसली,” मी म्हणालो. “अगदी नीट बसली.”

त्यांनी मान डोलावली, डोळे पुसले. मग टेप गळ्यातून काढून बोटांवर गुंडाळायला लागल्या, आणि अर्ध्यात थांबल्या.

“त्या पोरीचं मागं सांगत हुती आमची मोहिनी. शर्ट पुन्याला गेला म्हनून जी घरी बसली. ती ऱ्हाती कुटं?”

मी रजिस्टर सायकलच्या सीटवर ठेवलं आणि मागची पानं काढली. रेश्मा घाडगे सापडली. तिच्या वर, तिच्या खाली आणखीही नावं होती. शालनताईंनी टेप परत गळ्यात टाकली, आणि मी पहिल्या पानापासून पत्ते सांगायला सुरुवात केली.