हिरव्या बाटलीचं झाकण

सिनेमा संपला की इंदूआक्का पर्समधून नेलपॉलिश काढतात. नखांसाठी नव्हे, नखं त्यांनी मुळापर्यंत कापलेली असतात. तिकिटासाठी. बाटल्या तीन आहेत. लाल म्हणजे रिजेक्ट, पिवळी म्हणजे रिवर्क, हिरवी म्हणजे पास. हडपसरच्या एका कारखान्यात, गाड्यांचे सुटे भाग तपासण्याच्या विभागात आक्कांनी अख्खी नोकरी काढली. तिथं खराब नगाला लाल रंग लावायचे. निवृत्तीनंतर नग संपले, रंग लावायची सवय राहिली.

लाल बाटली सारखी नवी आणावी लागते. पिवळी निम्म्यावर आलीय. हिरवीचं झाकण उघडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

आता तिकीट मोबाईलवर येतं, हे आक्कांना मान्य नाही. खिडकीवर जाऊन त्या कागदच मागतात. ‘मोबाईलवर रंग लावू का, बाळा?’ असं आतल्या मुलाला विचारतात आणि मागची रांग खोळंबून ठेवतात. माझा याला जाहीर पाठिंबा आहे. कागद मागणाऱ्या गिऱ्हाईकाकडे चोरासारखं बघायचा अधिकार या लोकांना दिला कुणी?

आमची ओळखही अशाच एका लढ्यात झाली. मी मल्टिप्लेक्सच्या दारात पत्रकं वाटत होते. मागणी साधी होती: प्रेक्षकाला घरचं पाणी आत नेऊ द्या. दारात माणसाची बाटली काढून घ्यायची आणि आत पाणी चढ्या भावानं विकायचं, याला धंदा म्हणत नाहीत, लूट म्हणतात. आक्कांनी पत्रक घेतलं आणि दोन्ही बाजूंनी वाचलं. आमच्या संघटनेतसुद्धा एवढं कुणी करत नाही. मग पिवळा ठिपका लावून माझ्या हातात परत ठेवलं.

‘रिवर्क,’ त्या म्हणाल्या. ‘शिव्या पुढच्या बाजूला हायेत, मागणी पाठीमागं. पाणी पायजे ना तुला? मग आधी पाणी माग.’

मी भयंकर संतापले. घरी जाऊन पत्रक नव्यानं लिहिलं. तेव्हापासून मी त्यांच्या कट्ट्यावर आहे आणि माझं नाव ‘पत्रकवाली’ आहे.

रविवारी सकाळचा खेळ सुटला की समोरच्या अमृततुल्यमध्ये आमचा कट्टा भरतो. आक्का, मी, शनिवार पेठेतून बस बदलून येणारे बापट सर आणि आयटी कंपनीतला निखिल. निखिल वर्ध्याचा. हडकुळा, आणि कान सुपासारखे. नुकत्याच पाहिलेल्या सिनेमावर प्रत्येकानं मत द्यायचं. बापट सर नेहमी पहिले.

‘दिग्दर्शकाला अवकाशाचं भान आहे,’ सर म्हणतात.

‘हिरोनं विहिरीत उडी मारली,’ आक्का म्हणतात. ‘वर आला तवा भांग जसाच्या तसा. त्याचं भान कुणाला हाय?’

‘अहो, आपण सिनेमा बघायला येता की पंचनामा करायला?’

‘तिकीट काढलंय, सर. दोन्ही करीन.’

आणि लाल ठिपका. नायिकेच्या दुःखाची मापं ढिली आहेत म्हणून रिजेक्ट. सासू शेवटच्या रिळात सुधारते म्हणून रिजेक्ट. ‘अशी एकाएकी सरळ झालेली वस्तू पुन्हा वाकती,’ हे आक्कांचं शास्त्र. त्यातही त्या हिरोकडे फारशा बघतच नाहीत. ‘हिरोला सगळेच बघत्यात. मागं जी माणसं येत्यात-जात्यात, त्यांची तपासणी कोण करणार?’ त्यामुळे कुठल्या सिनेमात रस्त्यावरची तीच बाई तीच पिशवी घेऊन तीनदा गेली, हे फक्त आक्कांना ठाऊक असतं.

तर असा हा कट्टा, आणि आमच्या निखिलला एका मराठी सिनेमात काम मिळालं. एक वाक्य. हिरो धापा टाकत स्टेशनवर येतो आणि फलाटावरचा एक तरुण म्हणतो, ‘गाडी गेली, दादा.’ तो तरुण निखिल. हे वाक्य त्यानं आम्हाला इतक्यांदा म्हणून दाखवलं की चहावालाही दूध संपलं की ‘गेली, दादा’ म्हणू लागला.

‘रिवर्क,’ आक्का दर वेळी सांगायच्या. ‘गाडी गेल्याचं तुला काय वाईट वाटत न्हाई.’

‘मले कायले वाईट वाटंल, आक्का? मी त्या गाडीत जाणार नव्हतो न!’

सिनेमा लागला. आम्ही चौघं एका रांगेत बसलो. स्टेशन आलं, हिरो धावत आला, रिकाम्या रुळांकडे त्यानं बघितलं आणि पुढच्या क्षणी तो बसमध्ये होता. निखिल नव्हता. वाक्य नव्हतं. कापलं होतं, आणि ते त्याला सांगायची तसदीही कुणी घेतली नव्हती. माणसाकडून काम करून घ्यायचं, आणि कापताना एक फोनसुद्धा नाही? मी तिथंच मनात पत्रकाचा मथळा तयार केला.

चहा आला. बापट सर ‘संकलनाच्या दृष्टीनं पाहता...’ म्हणाले आणि आक्कांनी नुसतं बघितल्यावर बशीत तोंड घालून बसले.

‘आई उद्या जाऊन राहिली पाहायले,’ निखिल म्हणाला. ‘गल्लीतल्या साऱ्या बायांना घेऊन. फोन करून सांगतो, नको जाऊ म्हणून. काय सांगू पण?’

‘का नको जाऊ?’ आक्का म्हणाल्या. ‘तू हुतास की.’

आम्ही तिघंही त्यांच्याकडे बघायला लागलो.

‘मध्यंतरानंतर लग्नाची पंगत न्हाई का? बुंदी वाढत हुतास. हिरवा सदरा. पाठमोरा.’

‘आक्का, तो...’

‘गप. जन्मभर तपासणी केलीय मी. फोन लाव आईला.’

आणि फोन हिसकावून त्यांनी वर्ध्याला सूचना दिल्या. ‘हां, ताई. पंगत बसली की डावीकडं बघायचं. बुंदीची बादली दिसंल. बादलीच्या वर तुमचा निखिल.’

आक्कांच्या नजरेला मी मनातल्या मनात सलाम केला. तो पार्किंगपर्यंत टिकला.

‘ताई,’ निखिल गाडी काढता काढता मला म्हणाला, ‘पंगतीच्या शूटिंगले मी नव्हतोच न. त्या दिवशी ऑफिसात होतो.’

मंगळवारी वर्ध्याची बातमी त्यानं कट्ट्याच्या ग्रुपवर टाकली. गल्लीतल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. आई म्हणाली, ‘पोरगा बारीक झाला हो, पाठीवरून समजते.’ सगळे खूश. मी सोडून. उभ्या जन्मात एक खराब नग पुढं न सोडणारी बाई, आणि धडधडीत खोटं? खोट्या जाहिरातींविरुद्ध मी उन्हात उभी राहून पत्रकं वाटते ती कशासाठी? संध्याकाळी जाब विचारायला मी आक्कांची सोसायटी गाठली. जिथं त्यांच्या घरचा ऊस होता, तिथं ती उभी आहे. अकराव्या मजल्यावर त्या एकट्या राहतात.

‘आक्का सिनेमाला गेल्या,’ वॉचमन म्हणाला. ‘परत त्याच. मला तर कालच अख्खा सांगितला. सगळे सिनेमे मलाच सांगतात.’

मल्टिप्लेक्सच्या खिडकीवर आक्का कागदासाठी भांडत होत्या. मीही तिकीट काढलं. आत आम्ही दोघीच होतो. पंगत बसली. डावीकडून बादली आली, हिरवा सदरा आला.

‘आक्का, तो निखिल नाही.’

‘न्हाईच,’ त्या म्हणाल्या. ‘निखिलचे कान केवढे! ह्याचे बघ, डोक्याला चिकटल्यात. मला दिसत न्हाई व्हय?’

‘मग खोटं का बोललात? तुम्ही?’

आक्का पडद्याकडेच बघत राहिल्या.

‘माझ्या निरोपाच्या कार्यक्रमाला कंपनीनं पुढच्या दोन खुर्च्या धरल्या हुत्या. घरच्यांसाठी. भाऊ-भावजय येणार, असं मीच सगळ्यांना सांगून ठेवलेलं. भाषणं झाली, शाल झाली, खुर्च्या तशाच. साहेब माझ्याबद्दल काय बोलले ते आजपण ठावं न्हाई मला. मी खुर्च्याच बघत हुते.’ मग म्हणाल्या, ‘हितं तर माणूस खुर्चीत येऊन बसणार हुतं. पोरासाठी. त्या आईला कायतरी दिसायला नको?’

मी पडद्याकडे बघितलं; हिरवा सदरा अजून वाढतच होता.

बाहेर आल्यावर अमृततुल्यमध्ये त्यांनी तिकीट टेबलावर ठेवलं, पर्समध्ये हात घातला आणि हिरवी बाटली काढली. फिरवून बघितली. माझ्यापुढं सरकवली.

‘झाकण बसलंय. घोषणा देताना मूठ लई आवळतीस ना? उघड.’

उघडलं. आतला रंग खळीसारखा घट्ट झाला होता. आक्कांनी घोटून घोटून एक ठिपका लावला आणि त्यावर फुंकर घातली.

‘सिनेमा रिजेकच हाय हं,’ त्या म्हणाल्या.

‘मग हिरवा कुणाला?’

‘वाढप्याला. बघितलंस न्हवं? एकाचं पण पान मोकळं सोडलं न्हाई त्यानं.’