हरेश्वर मास्तर आणि पाण्याचा रंग

हरेश्वर मास्तरांनी आपला एकुलता एक पांढरा फेटा हौदात बुडवायचं ठरवलं, तेव्हा त्यात त्यांना काहीच वावगं वाटलं नाही. (मास्तरांना वेळेवर काही वावगं वाटलं असतं, तर सांगायला गोष्टच उरली नसती म्हणा!)

झालं होतं असं. अलिबागेहून आणलेल्या एका मासिकात त्यांनी वाचलं, की पाण्याला स्वतःचा रंग असतो. तळं हिरवं दिसतं ते शेवाळामुळे, ओढा तांबडा दिसतो तो मातीमुळे. पण निर्मळ पाणी खोल असलं की मुळातच निळं! मास्तर अस्वस्थ झाले. नागावच्या शाळेत सहा वर्षं ते 'पाणी रंगहीन असते' असं पोरांकडून घोकून घेत होते. आता स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांना घास गोड लागेना.

तळाशी पांढरं काहीतरी ठेवून वरून बघावं, असं मासिकात दिलं होतं. घरातली सगळ्यात पांढरी वस्तू म्हणजे उद्यासाठी धुतलेला फेटा. उद्या शाळा तपासायला दिपोटीसाहेब येणार होते, आणि हंगामी मास्तर कायम व्हायचे की घरी बसायचे हे त्यांच्या एका शेऱ्यावर ठरणार होतं.

मधल्या सुट्टीत घरी येऊन मास्तरांनी फेटा दगड बांधून हौदात सोडला.

"अहो, हे काय चाललंय?" वेणूबाई पदराला हात पुसत आल्या.

"मला पाणी निळं दिसलं पाहिजे!"

"फेट्यासाठी?"

"मग? फेट्याशिवाय कसं कळणार?" असं म्हणून मास्तर साक्षीदार आणायला शेजारच्या हिरामण नाखव्याकडे धावले.

वेणूबाईंनी कपाळाला हात लावला. फेट्याला नीळ द्यायची तर बादली काय कमी पडली असती? पण साहेबांसमोर फेटा बगळ्यासारखा पांढरा हवा, हे त्यांनाही पटत होतं. शेवटी नवऱ्याच्या नोकरीचा प्रश्न! घरात होत्या नव्हत्या तेवढ्या निळीच्या पुड्या त्यांनी हौदात रिकाम्या केल्या आणि काठीनं चांगलं ढवळलं.

मास्तर आले, वाकले आणि उडालेच.

"निळं! हिरामण, बघ, निळं! तेही कमरेइतक्या पाण्यात!" (मासिकात वीस हात खोली सांगितली होती. पण नागावचं पाणी जात्याच हुशार असेल, असं मास्तरांना वाटलं.)

"दर्या निळा हाय ते मी रोज बघतो, मास्तर," हिरामण म्हणाला. "त्याला फेटा कशाला बुडवाया लागतो?"

पण ऐकतंय कोण! मास्तर तडक शाळेत गेले आणि शाळा सुटेपर्यंत त्यांनी अख्ख्या वर्गाकडून 'पाणी निळे असते' हे घोकून घेतलं.

संध्याकाळी फेटा वर काढला, तो निळाशार.

"तुम्हीच म्हणालात ना, पाणी निळं हवं म्हणून!" वेणूबाईंचे डोळे भरून आले.

मास्तरांनी फेटा दोनदा पिळून पाहिला. इतकी नीळ एका रात्रीत धुऊन जायची नाही, आणि बोडक्या डोक्यानं साहेबांसमोर जायची सोय नाही. या घोळात, पोरांना पुन्हा रंगहीन करायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी साहेब खुर्चीत बसले. फेट्याकडे एकदा पाहिलं आणि वर्गाकडे वळले.

"सांगा मुलांनो, पाण्याचा रंग कोणता?"

पोरांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांना दरदरून घाम फुटला होता. कानशिलावरून एक निळा थेंब ओघळला आणि कोटाच्या कॉलरवर पडला.

"निळा!" अख्खा वर्ग ओरडला.

"कोणी शिकवलं हे?"

"मास्तरांनी," पुढच्या रांगेतली रंगू उभी राहिली. "आणि आत्ता दाखवलं पण!"

मास्तर चाचरत म्हणाले, "साहेब, शास्त्रच आहे तसं. खोल पाणी खरोखर निळं असतं."

"असेल," साहेब त्यांच्या कपाळाकडे बघत म्हणाले. "पण हे तर फारच उथळ दिसतंय."

मग त्यांनी शेरेबुक ओढलं आणि सावकाश लिहिलं, "मास्तर जिज्ञासू आहेत. रंग मात्र कच्चा आहे. कायम करण्यापूर्वी आणखी एक वर्ष धुऊन पाहावे."