नसलेला साकव पाडण्याबाबत

लांज्याच्या बाजूला बाभरकोंड नावाची पस्तीस घरांची वाडी आहे. वाडी पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, एका काठावर. शाळा, रेशनचं दुकान, एसटीचा थांबा आणि स्मशान दुसऱ्या काठावर. त्यामुळे बाभरकोंडच्या माणसाला जगायचं असलं तरी पऱ्या ओलांडावा लागतो आणि मेल्यावरही. गेल्या पावसात जुना साकव, येण्याजाण्याचा एकमेव छोटा पूल, वाहून गेला. नव्याला मंजुरी मिळाल्याची बातमी खरी होती. मंजुरीचा कागद मात्र रत्नागिरीतल्या एका कार्यालयात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पायी निघाला होता.

धाकू आग्रे हा वाडीतलाच छोटा ठेकेदार. छोटा म्हणजे ठेकेदार तोच, मुकादम तोच आणि स्लॅबच्या दिवशी माणूस कमी पडला तर घमेलं उचलणाराही तोच. एप्रिल संपता संपता कनिष्ठ अभियंता विनीत साहेब जागेवर आले, पऱ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "धाकूभाऊ, तुम्ही हात घाला. कागद मागाहून येतोच."

आपल्याकडे कामाची ही रीतच आहे. पाऊस जूनमध्ये येतो, कागदाचं काही सांगता येत नाही, आणि जो कागदाची वाट बघतो त्याचा पाया पाण्यात जातो. गावकाराने देवाला गाऱ्हाणं घातलं, नारळ फुटला. बँकेने मात्र कार्यारंभ आदेशाशिवाय दमडी देणार नाही असं सांगून टाकलं. मग लांज्याच्या दुकानदार दमयंतीबाईंनी दीडशे पोती सिमेंट आणि सळ्या उधार दिल्या. "दसऱ्यापर्यंत थांबेन, धाकू," त्या म्हणाल्या. "दसऱ्याला पैसे नाहीतर तुझा टेम्पो माझ्या दारात." धाकूच्या धंद्यात टेम्पो सोडून दुसरं काही नव्हतंच. सव्विसाव्या दिवशी साकव उभा राहिला, आणि कुणालाही बरं न म्हणणाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा त्याला बरं म्हणाल्या.

कागद ऑगस्टात आला. त्यात एकच त्रुटी होती: काम सुरू करण्यापूर्वीचं जागेचं छायाचित्र जोडलेलं नव्हतं. धाकूने तातडीने फोटो काढून कार्यालयात नेला. लिपिक सानिका मॅडमनी तो बराच वेळ न्याहाळला.

"यात साकव दिसतोय."

"बांदलाय तर दिसनारच ना, मॅडम."

"पण आम्हाला बांधण्यापूर्वीचा हवाय. साकव दिसता कामा नये."

धाकूने डोकं चालवलं. साकव दिसू नये अशी जागा पऱ्यावर एकच होती, ती म्हणजे खुद्द साकव. त्यावर मधोमध उभं राहून त्याने फोटो काढला. नुसतं पाणी, दोन्हीकडे झाडी, साकवाचा मागमूस नाही. मॅडम खूश झाल्या. संगणकाने मात्र शेरा मारला: "छायाचित्र घेणारी व्यक्ती प्रवाहाच्या मध्यभागी, पाण्यापासून नऊ फूट उंचीवर उभी असल्याचे आढळते. सदर व्यक्ती कशावर उभी होती, याचा लेखी खुलासा करावा."

आयुष्यात धाकूने एवढीच एक चूक केली. त्याने खरं लिहिलं. "साकवावर."

चौथ्या दिवशी नोटीस आली. शासकीय प्रवाहात विनापरवाना साकव बांधल्याचं अर्जदाराने स्वतःच कबूल केल्यामुळे तो तीस दिवसांत पाडण्यात यावा.

"सायेब, बिल देताना साकव नाय नि नोटीस देताना हाय?" धाकूने विनीत साहेबांना विचारलं.

"बिल आमच्या शाखेचं, नोटीस शेजारच्या," साहेब समजुतीने म्हणाले. "दोन्ही शाखा आपापल्या जागी बरोबर आहेत. काळजी करू नका, पाडण्याचंही काम काढू. अंदाजपत्रक मीच करतो."

अंदाजपत्रक झालं. बांधकाम अतिशय मजबूत असल्याने पाडण्याचा दर बांधण्याहून सवाई निघाला. सर्वांत कमी दराची निविदा धाकूची, म्हणून काम धाकूला. अनधिकृत बांधकाम करणारा धाकू आणि अधिकृत ठेकेदार धाकू यांचा एकमेकांशी संबंध असल्याची कुठेही नोंद नव्हती. आठ दिवसांत आदेश हातात पडला. काम सुरू करण्यापूर्वीच्या फोटोत या वेळी साकव ठसठशीत आला होता. "आता कसा छान आलाय!" सानिका मॅडम म्हणाल्या. बांधायला दमडी न देणाऱ्या बँकेने पाडायला कर्ज देऊ केलं, वर चहाही पाजला.

धाकू मात्र घणाला हात लावेना. स्वतःच्या हाताने घातलेला स्लॅब फोडायचा म्हणजे काय, हे त्या खुर्च्यांत कुणाला कळणार? शेवटी विनीत साहेबांनाही थोडी दया आली. "एक वाट आहे. साकव वापरात आहे असं वाडीने ग्रामसभेत लिहून दिलं, तर तो पाडता येणार नाही. मग उभ्या साकवाचंच बिल काढावं लागेल."

धाकूचा जीव भांड्यात पडला. आपली माणसं. सही करायला कितीसा वेळ?

ग्रामसभा पऱ्यापलीकडे शाळेत होती. पस्तीस घरं साकवावरून चालत आली. सरपंचांनी मुद्दा सोपा करून सांगितला: साकव आहे म्हणालात तर हाच राहील; नाही म्हणालात तर नवीन येईल, दुप्पट रुंद, वर दिव्याचे खांब. पाच मिनिटांत एकमताने ठराव झाला, की सदर ठिकाणी कोणताही साकव नाही. पहिली सही धाकूच्या चुलतभावाची, शिवाची.

"शिवा, तू आता कशावरना आलास रे?"

"ता खरा हाय, दादा," शिवा खाली बघत म्हणाला. "पन रुंद साकव झाला तर माजी रिक्षा अंगनात येल."

आणि सगळे साकवावरून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी धाकूने घण उचलला. "थांब रे, पोरा शालेत जाव देत!" वाडीतून हाक आली. पोरं गेली. "दम धर, रेशन आनतंय." रेशन आलं. मग शिवा गॅसचा सिलिंडर खांद्यावर घेऊन आला. रोज हेच. दसरा उजाडला तरी साकवाचा टवकाही उडाला नव्हता. त्यामुळे बांधल्याचे पैसे मिळाले नाहीत आणि पाडल्याचेही नाहीत. टेम्पो दमयंतीबाईंच्या दारात उभा राहिला.

आता धाकू रत्नागिरीत लोकांच्या घरांचं प्लास्टर करतो. तिथे आदेश लागत नाही, फोटो लागत नाही. मालकाचा शब्द पुरतो. गेल्या महिन्यात एका बंगल्याचं काम संपलं. मालक सुशिक्षित, वाचनाचा नाद असलेले, थेट तुमच्यासारखेच. धाकूला समोर खुर्चीवर बसवून त्यांनी साकवाची सगळी गोष्ट ऐकली. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, मग ते मनापासून चिडले. कष्टाचे पैसे अडकवणाऱ्यांना लाज कशी वाटत नाही, असं त्यांनी दोनदा विचारलं.

धाकूने चहा संपवला आणि राहिलेल्या शेवटच्या हप्त्याचा विषय काढला.

"अरे, देणार ना!" मालक डोळे पुसत म्हणाले. "एक पावसाळा जाऊ दे. कुठे गळत नाही ना, तेवढं बघू, मग देतो."