नाशिककडे निघालेला तांडा

मिक्सरच्या खोक्यावरची चिकटपट्टी डाव्या कडेला चार मिलिमीटर सुटली होती. सोळा वर्षांत ती पांढरीची पिवळी आणि पिवळीची तपकिरी झाली होती. आत मिक्सर नव्हताच. दोन मिक्सर आले, झिजले, गेले. खोकं कपाटावर ठाम. शेजारी टीव्हीचं, इस्त्रीचं, ओव्हनचं, अशी एकूण एकवीस खोकी! परत जाताना सामान बांधायला लागतील म्हणून राजाभाऊ एकही टाकू देत नसत. परत कधी जायचं तेही ठरलेलं होतं: दोन वर्षांनी. हे दरवर्षी ठरत असे.

त्यांची बायको विद्या या खोक्यांवरची धूळ पुसत असे. मातीच्या रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या बाईला सौदीतल्या धाहरानजवळच्या, कंपनीच्या कंपाउंडमध्ये मातीशी एवढाच संबंध उरला होता. पण या फेब्रुवारीत तिला नाशिकहून पत्र आलं. द्राक्ष बागायतदारांच्या संघाला माती तपासणीच्या प्रयोगशाळेवर प्रमुख म्हणून ती हवी होती, आणि पंधरा दिवसांत, गुरुवारपर्यंत, हो की नाही ते कळवायचं होतं. राजाभाऊंनी पत्र दोनदा वाचलं आणि "बघू या" म्हणाले. त्यांचं "बघू या" सिमेंटच्या स्लॅबसारखं असे; एकदा घातलं की आपण नुसतं वर पाणी मारत बसायचं.

अशात कंपाउंडच्या करमणूक समितीने पुढच्या शुक्रवारी 'फ्रंटियर डे' जाहीर केला. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेच्या पश्चिमेकडे वस्ती करायला निघालेली कुटुंबं अख्खा संसार छपराच्या बैलगाडीत घालून नेत. तशी गाडी प्रत्येक घराने बनवायची आणि क्लबहाउसपर्यंत मिरवत न्यायची. समितीच्या शोभनाताईंनी जमेल का विचारलं, तर राजाभाऊ हसले.

"पायोनियर कसे असतात ते आम्हाला विचारा. मी आलो तेव्हा इथे कोथिंबीर मिळत नव्हती."

ते आले तेव्हा इथे एसी होता, पोहायचा तलाव होता आणि विमानतळावर न्यायला कंपनीची गाडी उभी होती.

सातवीतली इरा इंटरनेटवरची माहिती वाचून दाखवू लागली. पाच वर्षं राहून जमीन कसली की सरकार ती नावावर करून देई. राजाभाऊंनी सुस्कारा टाकला. सोळा वर्षं राहून त्यांच्या नावावर एक इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना होता, तोही मुदत संपली की पुन्हा काढायचा. तरी त्या लोकांची छाती मोठी, असं ते म्हणाले. रिकाम्या जमिनीवर जाऊन राहायचं म्हणजे गंमत नाही.

"नॉट रिकामी, पप्पा. देअर वेअर पीपल ऑलरेडी."

"ते पुढच्या पानावर असेल," म्हणत राजाभाऊ मोजपट्टी शोधायला उठले.

कंपाउंडच्या देखभालीचं काम बघणाऱ्या हुसेनमियाँनी चार चाकांची ट्रॉली दिली. वायरिंगच्या पाइपांच्या कमानी झाल्या, वर डबलबेडची पांढरी चादर ताणली. आत सामान म्हणून एकवीस खोकी रचली. रिकामी खोकी वाऱ्याने हलू लागली, तेव्हा राजाभाऊंनी त्यांत खरीखुरी भांडी, पुस्तकं, काचेचे सेट भरले आणि दोरीने आवळले. गाडी कुठे निघाली ते कापडावर रंगवायची तेव्हा पद्धत होती, म्हणून इराने हातभर लाल अक्षरांत लिहिलं: नाशिक. गुरुवारी दुपारी ही गाडी दारात उभी राहिली. शेजारी कमरेवर हात ठेवून राजाभाऊ.

या मुलखात बांधलेल्या खोक्यांशेजारी उभ्या माणसाचा एकच अर्थ होतो: फायनल एक्झिट. म्हणजे कायमचं परत जायचा शिक्का. त्यात गावाचं नावही लिहिलेलं! अर्ध्या तासात बातमी कंपाउंडभर झाली.

आधी हुसेनमियाँची बायको ताजुन्निसा आली. तिने डोळे टिपले, भाभीची आठवण म्हणून कढीपत्त्याची कुंडी उचलली आणि विद्याला तोंड उघडायची सवड न देता गेली. मग ऑफिसातला अनिमेष खिडक्यांची मापं घेऊन गेला. त्याच्या पडद्यांना अर्धा इंच कमी पडत होता, त्याबद्दल त्याने नाराजीही दाखवली. शुक्रवारी मिरवणुकीत सगळ्यांत जास्त टाळ्या राजाभाऊंना पडल्या, पण गाडीकडे कुणी बघितलं नाही. रविवारी कंपाउंडच्या कार्यालयातल्या फहादने त्यांचं घर यादीतल्या पुढच्या माणसाला देऊन टाकलं.

"सांगून टाका ना त्यांना," विद्या म्हणाली. "म्हणावं, बैलगाडी होती."

पण राजाभाऊंना तोवर चव लागली होती. ऑफिसात माणसं दोन्ही हातांनी त्यांचा हात धरत होती. आम्हाला कधी जमलं नाही, तुम्ही करून दाखवलंत, असं सांगत होती. सोळा वर्षांत त्यांच्या एकाही अहवालावर कुणी असं बोललं नव्हतं. दोन दिवस ऐकू दे, मग सांगतो, असं ते विद्याला म्हणाले. मंगळवारपर्यंत तर ते कॅन्टीनमध्ये तरुण पोरांना, आयुष्यात वेळेवर निर्णय कसा घ्यावा, हे समजावू लागले.

बुधवारी संध्याकाळी, नाशिकला उत्तर कळवायच्या आदल्या दिवशी, क्लबहाउसमध्ये निरोपसमारंभ झाला. हुसेनमियाँनी बिर्याणी करवली होती. केकवर छपराची गाडी काढलेली होती. राजाभाऊ धाडस या विषयावर अकरा मिनिटं बोलले. विद्याने घड्याळ बघितलं होतं. इराने तेवढ्या वेळात मोबाइलवर एक अख्खा गेम संपवला.

भाषण संपताच फहादने फायनल एक्झिटचा कागद पुढे केला. जायची तारीख भरा, यल्ला, चला, उद्याच काम खलास करतो, असं तो आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला.

राजाभाऊंनी पेन घेतलं. पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. मग ते म्हणाले की मुळात ती एक बैलगाडी होती. थोडा गैरसमज झाला. तत्त्व म्हणून जायचं पक्कंच आहे, पण घराचे हप्ते, इराची शाळा, सगळं बघता... साधारण दोनेक वर्षांनी.

हॉलमध्ये वाढप्याचा चमचाही थांबला. ताजुन्निसाने, कुंडी परत मागतात की काय, अशा नजरेने विद्याकडे बघितलं. हुसेनमियाँ सुरी हातात धरून केकशेजारी उभेच होते.

"म्हणजे तुमी जात नाय," ते शांतपणे म्हणाले. "मग ह्यो केक कुणाचा वो, राजाभाऊ?"

राजाभाऊंनी छताकडे बघितलं. विद्याने हातातली ताटली टेबलावर ठेवली, पुढे होऊन फहादच्या हातातला कागद घेतला.

"माझा," ती म्हणाली. "मी चौदा जूनला नाशिकला जातेय. नोकरीला. इरा माझ्याबरोबर येतेय."