टिटवी इंटरफेस घेते

एका जंगलात, पाणवठ्याच्या काठावर, एका टिटवीने आपलाच आवाज परत लावून ऐकला आणि तिला वाटलं, आपल्यामागे कुणीतरी उभं आहे.

ती दचकली. मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं. पुन्हा लावून ऐकलं. पुन्हा कुणीतरी होतं.

अगदी बारीक आवाज होता, मुलांनो. तिचं 'टिव-टिव-टिवटिव' संपलं की त्याच्या पाठीमागे 'ऊंऽऽऽ' असं काहीतरी. लांबवर कुणी तोंड मिटून कंटाळलंय, तसं.

या टिटवीचं नाव मृदुला. नाव आईने ठेवलं होतं, आवाज फुटायच्या आधी.

मृदुला शिकलेली होती. जंगलाच्या कॉलेजातून तिने 'इशारा : सिद्धांत आणि व्यवहार' या विषयात पदवी घेतली होती. पण स्वभाव फार घाबरट. पान पडलं की दचकायची. नाही पडलं, तर का पडलं नाही म्हणून दचकायची. मैत्रिणी म्हणायच्या, "मृदुले, तुझं काही खरं नाही." त्यावरही ती दचकायची.

आणि त्या वर्षी भेकरकाकांचा घसा बसला.

भेकरकाका म्हणजे पाणवठ्याचे इशारेदार. वाघ दिसला की भुंकायचं, एवढंच काम. पण मानाचं. काका निवृत्त झाले, तशी कावळ्याने फांदीफांदीवर दवंडी दिली, "इशारेदार पाहिजे हो! 'वाघ आला' या मजकुराचा, घरी रेकॉर्ड केलेला नमुना पौर्णिमेपर्यंत समितीच्या हत्तीणबाईंकडे द्यावा. आवाज स्वच्छ असावा. श्रोत्यांना त्रास होऊ नये. प्रत्यक्ष येऊन कुणी ओरडू नये."

मृदुलाची पिसं उभी राहिली. जन्मभर ज्या गोष्टीसाठी तिने बोलणी खाल्ली, त्या गोष्टीसाठी कुणीतरी जागा काढली होती. दचकणाऱ्याची जागा! ही मिळाली तर तिचं दचकणं हे काम ठरणार होतं. नाही मिळाली तर ते नुसतंच दचकणं राहणार होतं, जन्मभर.

म्हणून तिने एका पर्यटकाचा पडलेला फोन घेतला, त्यावर नमुना रेकॉर्ड केला, आणि त्यात ते 'ऊंऽऽऽ' निघालं.

ती आईकडे गेली.

"आई, ऐक ना. यात काही ऐकू येतंय?"

"तू ऐकू येतेयस."

"माझ्या मागे?"

"तुझ्यापुढे आणखी काही ऐकू जाईल का कुणाला? अगं, चोच उघड आणि ओरड. तुझ्या पणजीने ओरडून अख्खा कळप वाचवला. तिच्याकडे होतं का हे असलं?"

"तेव्हा स्पर्धा नव्हती गं, आई."

"तेव्हा वाघ होते," आई म्हणाली आणि किडे वेचायला लागली.

मग मृदुला मोराकडे गेली. मोराचं नाव चंद्रसेन. त्याला यंत्रांतलं सगळं कळायचं. नवं यंत्र आलं की तो पिसारा फुलवून त्याचं खोकं उघडायचा आणि बाकीचे ते बघायचे. स्वतः त्याने कधी काही रेकॉर्ड केलं नव्हतं. वेळच मिळायचा नाही.

"फोनवर रेकॉर्ड केलंस?" मोर म्हणाला. "ताई, फोनवर कोण करतं आता? तुला इंटरफेस लागेल."

आता इंटरफेस म्हणजे काय, तर मुलांनो, एक डबी. तिच्या एका तोंडातून माइकचा आवाज आत जातो आणि दुसऱ्या तोंडातून तो कॉम्प्युटरला मिळतो. डबीला बटणं असतात. एक बटण आवाज वाढवायचं. बाकीची काळजी वाढवायची.

"कोणता घेऊ?" मृदुलाने विचारलं.

"हा बघ. सोनेरी बटणं. अंधारात निळा उजेड पडतो."

"आवाज कसा येतो?"

"काळ्या रंगातही मिळतो," मोर म्हणाला.

मृदुला तिथून निघाली ती थेट वटवाघळावर आदळली. तो उलटा टांगलेला होता, म्हणून ती आधी दचकली. त्याच्या कानांची जंगलात ख्याती होती, म्हणून मग तिने त्यालाही विचारलं.

"सॅम्पल रेट बघ, म्हणजे डबी आवाज किती बारीक टिपते ते," वटवाघूळ म्हणाला. "एकशे ब्याण्णवच्या खाली घेऊच नकोस. वरचे सूर कापले जातात. मला तर ऐकवत नाही."

"वरचे सूर कुणाला ऐकू येतात?"

"मला."

"आणखी कुणाला?"

वटवाघळाने विचार केला. "बायकोला. पण ती सध्या माझ्याशी बोलत नाही."

मृदुलाने एकशे ब्याण्णव हा आकडा मनात घोकत घोकत तळं ओलांडलं. तिथे बेडूकमास्तर भेटले. त्यांचा मोठा गायनवर्ग होता.

"तोंडं किती आहेत डबीला?" मास्तरांनी विचारलं.

"एक पुरे ना, मास्तर? मी एकटीच आहे."

"आज एकटी आहेस. उद्या लग्न होईल, पिल्लं होतील. आठ तोंडांची घे. पुढचा विचार करावा माणसाने."

तिघांनी तीन डब्या सांगितल्या. आणि गंमत अशी की ज्याने जो विकत घेतला होता, तोच त्याच्या मते जंगलातला सगळ्यांत उत्तम इंटरफेस होता. चुकून वाईट डबी घेतलीय, असं म्हणणारा एकही प्राणी त्या जंगलात नव्हता. फार हुशार जंगल होतं ते.

चंद्र फुगत चालला. मृदुलाची झोप उडाली. शेवटी ती लाल्याशेठच्या दुकानी गेली. लाल्याशेठ हे माकड. त्याचा सगळा माल पर्यटकांच्या जीपमधून थेट आयात व्हायचा.

"ही घ्या ताई," लाल्याशेठने एक डबी पुढे केली. "टिटव्यांमध्ये हीच चालते. फँटम पॉवर आहे हिला."

मृदुला दोन पावलं मागे सरली. "फँटम म्हणजे... भूत?"

"छे छे. अठ्ठेचाळीस व्होल्ट. माइकला वीज लागते ना, ती."

"मग भूत परवडलं," मृदुला म्हणाली. पण डबी घेतली.

दुसऱ्याच दिवशी ती परत आली. "शेठ, मी 'वाघ' म्हणते, पण मला कानात 'वाघ' नंतर ऐकू येतो."

"बरोबर आहे. इशारा आधी, वाघ नंतर. उलटं झालं तर तक्रार करा."

तरी तिने डबी बदलली. मग बदललेली बदलली. सोनेरी बटणांची नेली, ती निळा उजेड पाडायची, त्याने ती रात्रभर दचकत बसली. आठ तोंडांची नेली, तर उरलेली सात तोंडं आपल्याकडे बघतायत असं तिला वाटायला लागलं. शेवटी पहिलीच डबी ती चौथ्यांदा घरी घेऊन आली. लाल्याशेठने हात जोडले.

एव्हाना जंगलात सगळेच घरी रेकॉर्ड करायला लागले होते. अस्वल मधावर बोलायचं. साळिंदर ध्यानाचे धडे द्यायचं. एकमेकांचे आवाज एकमेकांत घुसायचे, भांडणं व्हायची. म्हणून समितीने एक रीत घालून दिली. ज्याचं रेकॉर्डिंग चालू असेल, त्याने पळसाचं पान उलटं टांगायचं. उलटं पान दिसलं की बाकीच्यांनी असतील तिथे थांबायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही, श्वासही बेताने घ्यायचा.

रीत सगळ्यांनी मनापासून पाळली. सुतारपक्षी चोच लाकडात रुतवून थांबायचा. माकडं उडीच्या मध्ये थांबायचा प्रयत्न करायची, त्यात दोघं जखमी झाली. ओढ्यालाही सांगून पाहिलं होतं, पण तो खालच्या गावचा निघाला.

सगळ्यांत काटेकोर होते सांबरअण्णा. भारदस्त, वयस्क, मोठ्या शिंगांचे. एकदा मृदुलाच्या पानासमोर त्यांना शिंक आली होती. तेव्हापासून दिसेल त्या दिवशी माफी मागायचे. "पोरी, तुझा चांगला चाललेला टेक घालवला गं मी. पुन्हा होणार नाही."

"अहो अण्णा, असू दे," मृदुला म्हणायची.

"असू दे कसं? शिस्त म्हणजे शिस्त."

पौर्णिमेच्या दिवशी मृदुलाने नव्या डबीवर नमुना रेकॉर्ड केला. लावून ऐकला.

'ऊंऽऽऽ.'

आधीपेक्षा कितीतरी स्वच्छ. आता तर त्यातले पंखसुद्धा वेगवेगळे ऐकू येत होते. मृदुलाने मान वर केली. तिच्या डोक्यावरच्याच फांदीला आग्यामोहोळ लागलेलं होतं. केव्हापासून होतं कोण जाणे. इतके दिवस ती डब्यांकडे बघत होती.

रडायलाही वेळ नव्हता. संध्याकाळपर्यंत नमुना पोचायला हवा होता. तिने डबी, माइक, हेडफोन, सगळं चोचीत आणि पायांत धरलं आणि शांत जागा शोधायला निघाली.

ओढ्याकाठी खळखळ. बांबूत करकर. बडबड्या सातभाई पक्ष्यांच्या झाडाखाली तर काही बोलायलाच नको.

शेवटी पाणवठ्याच्या पलीकडे, उंच गवताशी, तिला जागा सापडली. इथे काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. रातकिडा नाही, तित्तिर नाही, वाऱ्याने हलणारं गवतही नाही. मृदुलाने डबीवरचा काटा बघितला. काटा तळाला टेकून स्वस्थ पडला होता. इतकी शांतता तिने जन्मात ऐकली नव्हती.

अशा शांततेबद्दल कॉलेजात काहीतरी शिकवलं होतं. तिसऱ्या सत्रात. परीक्षेलाही आलं होतं. मानेवरची पिसं उभी राहायला लागली.

'नाही,' मृदुलाने स्वतःला बजावलं. 'आज दचकायचं नाही. आज काम आहे.'

आणि मुलांनो, आयुष्यात पहिल्यांदा ती दचकली नाही.

तिने पळसाचं पान उलटं टांगलं. हेडफोन चढवले. वायर पायाला दोनदा गुंडाळली, लोंबून खरखर नको म्हणून. समोर सांबरअण्णा पाणी प्यायला खाली उतरत होते, त्यांनी पान पाहिलं आणि एक पाय उचललेलाच ठेवून थांबले. बेडूकमास्तरांनी हात वर केला, वर्ग गप्प झाला. मोराने पिसारा मिटला. अख्खा पाणवठा आपल्या पोरीसाठी श्वास धरून उभा राहिला.

मृदुलाने लाल बटण दाबलं, चोच उघडली, आणि अण्णांच्या मागचं गवत बाजूला झालं.

आधी कान दिसले. मग पट्टे.

"वाघ!" मृदुला किंचाळली. "वाघ आला! वाघ आला हो!"

काय आवाज लागला म्हणून सांगू! पणजीच्या नंतर त्या पाणवठ्यावर असा आवाज कुणाचा लागला नव्हता. ऊं नाही, खरखर नाही. डबीवरचा काटा लालच्या किंचित अलीकडे, जिथे असायला हवा तिथेच नाचत होता.

कुणी हललं नाही.

"अण्णा, पळा! तुमच्या मागे! अण्णा!"

अण्णांचे डोळे भरून आले. पोरीने काय जीव ओतलाय, त्यांना वाटलं. आपलं नावसुद्धा घातलंय. शिंक येतेय असं वाटून त्यांनी नाक आवळून धरलं.

"अहो, खरंच आला! हे रेकॉर्डिंग नाहीये!"

मोराने लांबूनच पंख उंचावून 'मस्त' अशी खूण केली. बेडूकमास्तरांनी वर्गाकडे वळून डोळ्यांनीच सांगितलं, बघा, याला म्हणतात भाव.

मृदुलाने पंख फडफडवले, उंच झेप घेतली, आणि पायातल्या वायरने तिला परत खाली आणलं. ती उलटी पडली, उठली, चोचीने वायर ओढायला लागली. वायर चांगल्या प्रतीची होती.

वाघाने एक पाऊल टाकलं. त्यालाही उलटं पान दिसलं. तो या जंगलातलाच होता, रीत ठाऊक होती. त्याने पुढचं पाऊल फारच हळू टाकलं.

"बोला हो कुणीतरी!" मृदुलाने टाहो फोडला. "एक शब्द तरी बोला! कुणी ऐकतंय का?"

पाणवठा चिडीचूप. अण्णांचा उचललेला पाय थरथरत होता, पण खाली आला नाही.

मग गवताच्या कडेने, कुणाला त्रास होऊ नये इतक्या बेताच्या आवाजात, उत्तर आलं.

"हो ताई," वाघ म्हणाला. "मी ऐकतोय ना. आलोच."

तात्पर्य : मुलांनो, कुणाचं रेकॉर्डिंग चालू असताना मध्येच पळू नये. जीव वाचवायच्या संधी पुष्कळ येतात; इतका स्वच्छ टेक पुन्हा मिळत नाही.